पत्रातला मी, अर्जातला मी

चूक एका शब्दाची होती आणि तो शब्द ‘सेल्फ’ हा होता. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या हिशेबाच्या एका प्रणालीत मी एक मूळ क्लास, म्हणजे वस्तू घडवण्याचा साचा, केला होता. बोलण्याच्या सोयीसाठी त्याला ‘दस्तऐवज’ म्हणू. त्याच्याखाली ‘बिल’, ‘पावती’ आणि ‘दरपत्रक’ असे तीन चाइल्ड क्लास होते, म्हणजे मूळ क्लासचे सगळे घेऊन त्यात आपली भर घालणारे किंवा बदल करणारे क्लास. नवा दस्तऐवज तयार करण्याचे काम मूळ क्लासमधल्या एका स्टॅटिक मेथडकडे होते. मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहिलेले एखादे काम, आणि स्टॅटिक म्हणजे थेट क्लासच्या नावाने बोलावता येणारी. तिने क्रमांकांच्या मालिकेतून पुढचा क्रमांक उचलायचा, क्लासचे शीर्षक लावायचे आणि ‘रिटर्न न्यू सेल्फ’ या ओळीने तयार ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू, हाती द्यायचे, एवढाच तिचा व्याप होता. त्या दहाबारा ओळींत ‘सेल्फ’ तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो फारसा विचार न करता लिहिला होता. बिल हवे असले की मी हीच मेथड ‘बिल’च्या नावाने बोलवत असे आणि मिळालेल्या ऑब्जेक्टला छापायला सांगत असे.

छापलेल्या बिलावर कराची ओळ येत नव्हती. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉग स्वच्छ. बाकीचे सगळे आकडे बरोबर होते, तारीख बरोबर होती, क्रमांकही बरोबर होता. छापण्याची मेथड मूळ क्लासातही होती आणि ‘बिल’मध्येही होती; मूळ क्लासातली साधी होती, ‘बिल’मधली कराची ओळ जोडणारी होती. मी दोन दिवस कराच्या सूत्रात डोके घालून बसलो. तिसऱ्या दिवशी वैतागून मी त्या ऑब्जेक्टलाच त्याच्या क्लासचे नाव विचारले आणि उत्तर आले, ‘दस्तऐवज’. मी बिल मागितले होते आणि माझ्या हाती बिलाचा बाप ठेवला गेला होता.

यात पीएचपीची काही चूक नव्हती. ‘सेल्फ’चा तिथला अर्थ अगदी नेमका आहे: हा शब्द ज्या क्लासच्या मजकुरात लिहिला आहे तो क्लास. मेथड कोणाच्या नावाने बोलावली गेली याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. ‘स्वतः’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे उभे राहत होते ते मात्र ‘ज्याला बोलावले तो’ असे होते. हे दोन अर्थ एरवी इतके बेमालूम जुळलेले असतात की, जोवर चाइल्ड क्लास अस्तित्वात येत नाही तोवर त्यांच्यातली फट दिसतच नाही.

ती फट मला पुढे मराठीतच सापडली. लिहिलेल्या मजकुरातला ‘मी’ दोन तऱ्हांचा असतो. पत्रातला मी लिहिणाऱ्याला चिकटलेला असतो. पत्र कोणीही वाचो, दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवो, पन्नास वर्षांनी ट्रंकेतून काढून वाचो, ‘मी खुशाल आहे’ या वाक्यातला मी म्हणजे ज्याने पत्र लिहिले तोच. छापील अर्जातला मी असा नसतो. ‘मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की’ ही ओळ ज्याने जुळवली त्याचा त्या मीशी कसलाही संबंध नसतो. तो मी रिकामा असतो. सही होते तेव्हा भरतो, आणि दुसऱ्या माणसाने त्याच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही केली की त्या प्रतीतला मी दुसरा होतो. पीएचपीचा ‘सेल्फ’ हा पत्रातला मी आहे. मला हवा होता अर्जातला मी, आणि मी त्या जागी पत्र लिहून ठेवले होते.

अर्जातला मी पीएचपीला २००९ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीत मिळाला. त्या सोयीचे नाव ‘लेट स्टॅटिक बाइंडिंग’ आणि त्यासाठी वापरायचा शब्द ‘स्टॅटिक’. नवा राखीव शब्द आणला असता तर लोकांच्या जुन्या कोडमध्ये त्या नावाच्या गोष्टी मोडल्या असत्या, म्हणून आधीच राखीव असलेला हा शब्द कामाला लावला गेला. त्यामुळे त्या भाषेतला सर्वांत चंचल निर्देश, म्हणजे बोलावणारा बदलला की बदलणारा, ‘स्थिर’ असे नाव घेऊन फिरतो. या विसंगतीवर मी बराच काळ चिडत असे. आता चिडत नाही, पण नव्या माणसाला समजावून सांगताना दर वेळी अडखळतो. (पीएचपीला नावांच्या बाबतीत बोल लावायचाच तर ‘सेल्फ’नंतर येणाऱ्या ‘::’ या जोड अपूर्णविरामाला तिथे ‘पामायिम नेकुदोतायिम’ म्हणतात हेही सांगावे लागेल. ते हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ ‘जोड अपूर्णविराम’ एवढाच आहे. पूर्वी हे चिन्ह चुकले की हाच शब्द पडद्यावर येई आणि नवखा माणूस आपल्या हातून काहीतरी भयंकर घडले अशा समजुतीने घाबरून जाई.)

या दोन मींची सरमिसळ सगळ्या भाषांमध्ये आहे, कारण प्रत्येकीने शब्द आपापल्या सोयीने उचलले. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत ‘धिस’, म्हणजे ‘हे ऑब्जेक्ट’, होता. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस रचताना तोच घेतला. स्मॉलटॉक या भाषेचा ‘सेल्फ’ घेतला नाही. सी प्लस प्लसमधला ‘धिस’ हा पॉइंटर, म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता, का आहे, याचे कारणही साधेच आहे: तो भाषेत आला तेव्हा तिच्यात रेफरन्स, म्हणजे त्याच वस्तूला दुसरे नाव देण्याची सोय, अजून यायची होती. आयफेलमध्ये त्याच जागी ‘करंट’ म्हणतात. पायथनमध्ये ‘सेल्फ’ हा राखीव शब्दच नाही, तो मेथडच्या पहिल्या पॅरामीटरला, म्हणजे तिच्या हाती येणाऱ्या पहिल्या गोष्टीला, सवयीने दिलेले नाव आहे. तिथे तो ऑब्जेक्ट असतो, क्लास नव्हे. पुढे २०२२ साली पायथनच्या ३.११ या आवृत्तीत टाइप, म्हणजे गोष्ट कोणत्या प्रकारची आहे ते, लिहिण्यासाठी मोठ्या अक्षराचा ‘सेल्फ’ आला आणि त्याचा अर्थ ‘ज्या क्लासवर बोलावले तो क्लास’ असा ठरला. म्हणजे पीएचपी ज्याला ‘स्टॅटिक’ म्हणते त्याला पायथन ‘सेल्फ’ म्हणते. एका खोलीत दोन्ही भाषांची माणसे बसली असतील तर हा शब्द उच्चारण्यापूर्वी थांबावे, असे माझे मत झाले आहे.

मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती व्हिज्युअल बेसिक डॉट नेट, जिची एरवी फारशी कोणी स्तुती करत नाही. तिच्यात ‘मी’ हाच राखीव शब्द आहे, इंग्रजी ‘मी’, ज्याचा उच्चार योगायोगाने आपल्या ‘मी’सारखाच आहे. शिवाय ‘मायक्लास’ असा वेगळा शब्द आहे, जो त्याच ऑब्जेक्टवर पण चाइल्ड क्लासने काहीही बदलले असले तरी इथे लिहिलेलीच मेथड चालवतो. अर्जातला मी आणि पत्रातला मी, दोघांना दोन नावे. बाकीच्या बहुतेक भाषांनी हे का केले नाही, याचे उत्तर बहुधा असे आहे की पत्रातल्या मीची गरज क्वचितच पडते. आणि क्वचित लागणारी गोष्ट चुकून वापरली जाते तेव्हा ती ओळखूही येत नाही.

आता वरच्या माणसाकडे वळतो. वरच्या क्लासाला हाक मारण्यासाठी ‘पॅरेंट’ किंवा ‘सुपर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुसरे कोणीतरी उभे राहते. चाइल्ड क्लासची मेथड ‘पॅरेंट’ला हाक मारते, तो ऐकतो, त्याचे काम करतो आणि उत्तर पाठवतो, असे ते चित्र असते. हे चित्र चुकीचे आहे, आणि मी ते अनेक वर्षे बाळगले. तिथे दुसरे कोणी नसते. ऑब्जेक्ट एकच असते. स्मॉलटॉकची मांडणी या बाबतीत निःसंदिग्ध आहे: ‘सुपर’ आणि ‘सेल्फ’ हे दोन्ही त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात, फरक एवढाच की ‘सुपर’ म्हटले असता मेथडचा शोध, ज्या क्लासात हा शब्द लिहिला आहे त्याच्या वरच्या क्लासापासून सुरू होतो. माणूस तोच, फक्त कपाटाचा कोणता कप्पा आधी उघडायचा एवढे बदलते.

‘बिल’चेच उदाहरण जवळून पाहू. त्याची छापण्याची मेथड दोन गोष्टी करते: आधी ‘पॅरेंट’ची छापण्याची मेथड चालवते, मग खाली कराची ओळ जोडते. मूळ क्लासातली ती मेथड सुरुवातीलाच ‘धिस’वर मथळ्याची मेथड बोलवते. मथळा दोन्ही क्लासांत आहे. मग कोणता छापला जाईल? आपण आत्ता ‘पॅरेंट’च्या हद्दीत आहोत, तेव्हा त्याचाच मथळा येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. येतो तो ‘बिल’चा. कारण मूळ क्लासाची ती ओळ चालत असली तरी ‘धिस’ बदललेला नाही. तो बिलच आहे आणि बिलाला मथळा विचारला तर बिल आपलाच मथळा देणार. वर गेलेला कोड पुन्हा खाली येतो, आणि खालचा पुन्हा वर जाऊ शकतो. हे येणेजाणे कागदावर बाणांनी काढून पाहिले तर शिवणीच्या टाक्यांसारखे दिसते. मूळ क्लास लिहिणाऱ्याने उद्या मथळ्याची मेथड न बोलवता तो मजकूर तिथेच छापायचे ठरवले, तर त्याच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. बिलाचा मथळा मात्र गायब होतो. बाप क्लासात केलेल्या निरुपद्रवी बदलाने मुलांचे क्लास मोडतात ते असे.

म्हणून ‘पॅरेंट’ या शब्दातली घराण्याची उपमा मला पटत नाही. मुलगा बापाची लकब उचलतो, पण तो बाप नसतो. इथे मात्र प्रत्येक बिल हे पूर्णार्थाने दस्तऐवज असते. वारसा म्हटला तर तो एकदाच मिळतो, देणारा गेल्यावर मिळतो आणि मिळाला की आपला होतो. इथे देणारा जिवंत असतो आणि दिलेली वस्तू रोज बदलू शकतो. ‘सुपर’ आणि ‘सब’ हे शब्दही अडचणीचेच आहेत. चाइल्ड क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये माहिती जास्त असते, मेथड जास्त असतात, आणि तरी त्याला ‘सब’ म्हणायचे. ज्याच्यात कमी आहे तो ‘सुपर’. सगळ्या बिलांचा संच हा सगळ्या दस्तऐवजांच्या संचाचा उपसंच आहे, या अर्थाने ते बरोबर आहे, पण कोड लिहिताना संच कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो. नेमका हाच गोंधळ होतो म्हणून स्ट्रॉस्ट्रुप यांनी ‘बेस’ आणि ‘डिराइव्ह्ड’ हे शब्द निवडले, आणि सी शार्पने वर जाण्यासाठी ‘बेस’ हाच राखीव शब्द घेतला. खुद्द सी प्लस प्लसमध्ये वरच्यासाठी वेगळा शब्द नाही; एकाहून अधिक पाया असू शकतात, तेव्हा वरचा म्हणजे कोणता, असा प्रश्न येतो आणि म्हणून तिथे सरळ क्लासचे नाव लिहावे लागते.

दुसरी चूक पायथनमधली आहे आणि ती पहिल्यापेक्षा अधिक शिकवून गेली. पायथनच्या जुन्या आवृत्तीत ‘सुपर’ वापरताना त्याला दोन गोष्टी द्याव्या लागत: आपण कोणत्या क्लासात आहोत त्याचे नाव आणि ‘सेल्फ’. क्लासचे नाव पुन्हा पुन्हा लिहिणे मला गावंढळपणाचे वाटत असे. उद्या क्लासचे नाव बदलले तर दहा जागी दुरुस्ती करावी लागणार. त्यापेक्षा नाव न लिहिता ऑब्जेक्टलाच ‘तुझा क्लास कोणता’ असे विचारून ते उत्तर पुढे द्यावे, ही युक्ती मला सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा बहुतेक प्रत्येकाला आयुष्यात एकदा सुचते. ती चालली. कित्येक महिने चालली. चाचण्या हिरव्या होत्या आणि मी माझ्या हुशारीवर खूश होतो.

मग एका सहकाऱ्याने माझ्या क्लासाचा आणखी एक चाइल्ड क्लास केला. त्याने त्यात काहीच लिहिले नव्हते, नुसते नाव दिले होते. प्रोग्राम सुरू केल्याबरोबर पडदा एकाच ओळीने भरून गेला, तीच फाइल, तोच ओळ क्रमांक, शेकडो वेळा, आणि शेवटी रिकर्शनची, म्हणजे मेथडने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची, मर्यादा ओलांडल्याचा निरोप. ही मर्यादा पायथनमध्ये मूळची १००० असते. त्याने मला बोलावून विचारले, ‘अहो, मी तर अजून एक ओळसुद्धा लिहिली नाही, मग हे काय?’ त्याचे म्हणणे खरे होते.

काय झाले ते नात्यांच्या भाषेत सांगतो, कारण इथे ती उपमा निदान कामाची आहे. आजोबा, वडील आणि नातू असे तीन क्लास धरा. माझा क्लास वडिलांचा. ऑब्जेक्ट आता नातवाचे आहे. वडिलांच्या मजकुरात लिहिले आहे: ‘माझा क्लास कोणता ते पाहा आणि त्याच्या वरच्याकडे जा.’ ऑब्जेक्ट सांगते, माझा क्लास नातू. नातवाच्या वरचे कोण? वडील. म्हणून वडिलांची मेथड चालते. तिच्यात तीच ओळ: माझा क्लास कोणता? नातू. वरचे कोण? वडील. आजोबांपर्यंत कोणी पोहोचतच नाही. जोवर नातू नव्हता तोवर ‘माझा क्लास’ आणि ‘हा मजकूर ज्यात आहे तो क्लास’ एकच होते, म्हणून युक्ती चालत होती. पहिल्या चुकीत मी अर्जातल्या मीच्या जागी पत्रातला मी घातला होता. इथे बरोबर उलटे केले होते.

अर्जाचेच उदाहरण पुढे नेले तर ही गोष्ट एका वाक्यात मावते. अर्जाच्या तळाशी असते: ‘मी वर नमूद केलेल्या अटी मान्य करतो.’ यात ‘मी’ सही करणाऱ्याबरोबर बदलतो. ‘वर’ मात्र बदलत नाही. तो कागदाला चिकटलेला आहे. सही कोणाचीही असो, अटी त्याच कागदावर त्याच जागी आहेत. ‘सुपर’ हा शब्द नेमका असा जोडाक्षरासारखा आहे, अर्धा भाग सही करणाऱ्याचा आणि अर्धा कागदाचा. कोणासाठी, हे ऑब्जेक्ट ठरवते. कुठून वर, हे मजकुराची जागा ठरवते. मी दोन्ही भाग सही करणाऱ्याकडून मागून घेतले, आणि सही करणाऱ्याला ‘वर’ म्हणजे काय ते कसे ठाऊक असणार?

पायथन ३ मध्ये ‘सुपर’ला काहीही द्यावे लागत नाही, रिकामा कंस पुरतो. ती जादू वाटते, पण तिच्यामागे कंपायलरची, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामची, साधी कारागिरी आहे: मेथडच्या मजकुरात ‘सुपर’ हा शब्द दिसला की कंपायलर ती मेथड ज्या क्लासात लिहिली आहे त्या क्लासाची आठवण तिच्याबरोबर गुपचूप बांधून देतो. म्हणजे मी ज्या नावाला गावंढळ म्हणत होतो ते नाव आजही दिले जाते, फक्त हाताने लिहावे लागत नाही. जावास्क्रिप्टमध्येही तसेच आहे. तिथला ‘धिस’ मेथड कशी बोलावली त्यावर इतका अवलंबून असतो की तो एखाद्या फंक्शनमधून सहज निसटतो. पण २०१५ च्या आवृत्तीत आलेला ‘सुपर’ मेथड मुळात जिथे लिहिली गेली त्या घराला पक्का बांधलेला असतो.

पण पायथनने या ‘वर’मध्ये आणखी एक वळण घातले आहे. तिथे ‘सुपर’ म्हणजे वरचा क्लास असे नाहीच. ‘सुपर’ म्हणजे रांगेतला पुढचा. एक मूळ क्लास, त्याचे ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे दोन चाइल्ड क्लास, आणि त्या दोघांपासून मिळून झालेला ‘तळ’ अशी चौकट घ्या. तळाच्या ऑब्जेक्टसाठी पायथन एक रांग ठरवते: तळ, डावा, उजवा, मूळ. आता ‘डावा’च्या मजकुरातला ‘सुपर’ कुठे जाईल? नुसत्या डाव्याचे ऑब्जेक्ट असेल तर मूळ क्लासाकडे. तळाचे ऑब्जेक्ट असेल तर उजव्याकडे, म्हणजे भावंडाकडे, ज्याचे नावही ‘डावा’ लिहिणाऱ्याने कधी ऐकलेले नसेल. ही रांग लावण्याची ‘सी ३’ ही पद्धत १९९६ साली डिलन या भाषेसाठी मांडली गेली आणि २००३ साली पायथनच्या २.३ या आवृत्तीत आली. तिचा फायदा खरा आहे: मूळ क्लासाची मेथड दोनदा न चालता एकदाच चालते. किंमत अशी की ‘डावा’ लिहिणाऱ्याला आपल्या ‘सुपर’ची हाक कोणाला ऐकू जाणार हे कळण्याचा मार्ग उरत नाही. अशा वेळी नात्याच्या शब्दावर विसंबून राहावे की सरळ नाव घ्यावे?

नाव घेण्याचा मोह मला अनेकदा होतो, आणि त्याची किंमत पुन्हा पीएचपीनेच दाखवली. तिथे चाइल्ड क्लासच्या स्टॅटिक मेथडमधून मूळ क्लासाची स्टॅटिक मेथड बोलवण्याचे दोन मार्ग आहेत: ‘पॅरेंट’ म्हणून किंवा ‘दस्तऐवज’ असे नाव घेऊन. मेथड तीच चालते. फरक आतल्या ‘स्टॅटिक’मध्ये पडतो. ‘पॅरेंट’ म्हणून गेलात तर मूळ हाक ‘बिल’साठी होती ही माहिती पुढे नेली जाते आणि तिथला ‘स्टॅटिक’ बिलच राहतो. नाव घेऊन गेलात तर ती साखळी तुटते. तिथला ‘स्टॅटिक’ म्हणजे दस्तऐवज. नात्याने हाक मारली की आपण कोण ते बरोबर जाते, नावाने मारली की ते दारातच राहते. हा नियम दस्तऐवजीकरणात दोनचार ओळींत सांगितलेला आहे. त्या ओळी मी बहुधा चार वेळा वाचल्या असतील, आणि पाचव्या वेळी त्या मला समजल्या.

जावामध्ये ‘सुपर’च्या पुढे आणखी एक ‘सुपर’ लावून आजोबांकडे जाता येत नाही, याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. मी त्या तक्रारीत सामील नाही. वडिलांनी एखादी मेथड बदलली असेल तर ती काही कारणाने बदलली आहे. एखादी तपासणी घातली असेल, एखादी नोंद ठेवली असेल. नातवाने त्यांना ओलांडून थेट वर जायचे तर वडिलांच्या क्लासाने दिलेली हमी फोल ठरते. सी प्लस प्लस आणि पीएचपीमध्ये आजोबांचे नाव घेऊन तसे करता येते, आणि जिथे जिथे मी ते केलेले पाहिले तिथे खरा दोष वडिलांच्या क्लासात होता.

जन्माच्या क्षणी ‘मी’ कोण असतो, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावर भाषांचे एकमतही नाही. चाइल्ड क्लासचे ऑब्जेक्ट तयार होताना आधी मूळ क्लासाचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्टची पहिली जुळवाजुळव करणारी मेथड, चालतो. त्याने त्या वेळी एखादी अशी मेथड बोलावली की जी चाइल्ड क्लासने बदललेली आहे, तर? सी प्लस प्लस म्हणते, अजून पायाच घातला जात आहे, तेव्हा हे ऑब्जेक्ट सध्या मूळ क्लासाचेच समजावे. म्हणून मूळ क्लासाचीच मेथड चालते. जावा म्हणते, ऑब्जेक्ट पहिल्या क्षणापासून चाइल्डचेच आहे. म्हणून चाइल्डची मेथड चालते, पण तिला लागणारी फील्ड, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या जागा, अजून भरलेलीच नसतात आणि तिच्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, किंवा शून्य लागते. मला पहिले उत्तर अधिक शहाणपणाचे वाटते, जरी त्यामुळे ऑब्जेक्टची ओळख घडत असतानाच पायरीपायरीने बदलते हे मान्य करावे लागते. जावाने वर्षानुवर्षे असाही दंडक ठेवला होता की कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सुपर’ची हाक हीच पहिली ओळ असली पाहिजे, २०२५ साली आलेल्या जावा २५ मध्ये तो सैल झाला, आणि हाक मारण्यापूर्वी मिळालेली माहिती तपासण्याची मुभा मिळाली. पीएचपीने या बाबतीत वेगळीच वाट धरली: चाइल्ड क्लासने स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला तर मूळ क्लासाचा आपोआप चालतच नाही, त्याला आठवणीने बोलवावे लागते.

हे सगळे एका उलट्या वाटेसमोर ठेवून पाहिले की अधिक मजेदार वाटते. सिम्युलामध्ये वर हाक मारायची पद्धत नव्हती. तिथे मूळ क्लास आपल्या मजकुरात ‘इनर’ असा शब्द लिहून जागा राखून ठेवत असे: चाइल्ड क्लासला जे करायचे असेल ते इथे करावे, त्यानंतर मी माझे उरलेले काम करीन. निगार्ड यांचाही हात असलेल्या बीटा या भाषेने तीच रीत पुढे चालवली. यात अधिकार वरच्याकडे राहतो. खालचा भर घालू शकतो, पण वरच्याचे काम पुसू शकत नाही. आपण आज सगळीकडे वापरतो त्या पद्धतीत अधिकार खालच्याकडे आहे: ‘सुपर’ला बोलवायचे की नाही, आधी की नंतर, हे तोच ठरवतो, आणि बोलवायला विसरला तर त्याला कोणी अडवत नाही. माझ्या हिशेबाच्या प्रणालीत ‘इनर’ असता तर मथळा आणि कर यांचा निम्मा घोळ झाला नसता, असे मला कधी कधी वाटते. बाकीचा निम्मा माझाच होता.

त्या जुन्या फाइलकडे मी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. ‘सेल्फ’ तीन ठिकाणी होता. ‘न्यू सेल्फ’ तर मी तेव्हाच ‘न्यू स्टॅटिक’ केला होता. शीर्षक आणणारा दुसराही या वेळी बदलला, कारण प्रत्येक क्लासने आपले शीर्षक आपण सांगावे हेच अपेक्षित होते. तिसरा क्रमांकांच्या मालिकेचे नाव देणाऱ्या स्थिरांकाला लागलेला होता. तिथे बोट थांबले. ‘दरपत्रक’ क्लासात कोणीतरी त्याच नावाचा स्थिरांक पुन्हा लिहून ठेवला होता. मी ‘स्टॅटिक’ केले असते तर दरपत्रकांची मालिका त्या दिवसापासून वेगळी धावू लागली असती आणि दोन दस्तऐवजांना एकच क्रमांक मिळण्याची सोय झाली असती. इतकी वर्षे ते घडले नव्हते, ते केवळ मी त्या जागी विचार न करता ‘सेल्फ’ लिहिला होता म्हणून. तो तसाच ठेवला आणि वरच्या ओळीत कॉमेंट घातली: ‘येथे सेल्फच हवा. मालिका सर्वांची एकच.’ मग दरपत्रकातला तो स्थिरांक कोणी आणि कशासाठी लिहिला ते पाहायला त्या फाइलमधल्या बदलांचा इतिहास उघडला. ती नोंद माझ्याच नावाची होती.